'आला' म्हणू की 'आली'? वर्गातलं नाव, सर्वनाम आणि आपली मराठी

बेळगावातल्या एका डिग्री कॉलेजात मी मराठी शिकवतो. पहिल्या वर्षाला खानापूर किंवा निपाणी भागातून एखादा ज्ञानेश्वर येतोच. घरी तो 'द्न्यानेश्वर' असतो, लाडाने ज्ञानू. दहावीच्या मार्क्स कार्डावर मात्र त्याचं इंग्रजी नाव 'जे-एन-ए'ने सुरू होतं आणि शेवटी एक जादाचा 'ए' असतो, कारण शाळेत नाव घालणाऱ्यांनी कानडी उच्चार धरून स्पेलिंग केलं. तेच पुढे पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावीला), तेच यूयूसीएमएस या कर्नाटकातल्या विद्यापीठांच्या पोर्टलवर, तेच आमच्या हातातल्या हजेरीपटावर. कुणी 'जनानेश्वरा' वाचतं, कुणी 'ज्ञानेश्वरा', आणि पोरगा सगळ्यांना 'येस सर' म्हणतो. अशाच एकाला मी एकदा विचारलं, "तुला नेमकं काय म्हणू?" तो म्हणाला, "काय बी म्हणा ओ सर, चालतंय."

ते खरं चालत नव्हतं. पुढच्या तासाला मी त्याच्या घरच्या उच्चारात नाव घेतलं, आणि मागच्या बाकावर खाली मान घालून हजेरी देणाऱ्या त्या मुलाने पहिल्यांदा वर बघितलं.

वर्गात विद्यार्थ्याचं नाव नीट घ्यावं आणि त्याच्याबद्दल बोलताना योग्य ते सर्वनाम वापरावं, ही चर्चा हल्ली कॉलेजांमधून ऐकू येते. ती मुख्यतः पारलिंगी म्हणजे ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांच्या संदर्भात होते. ते बरोबरच आहे, चुकीच्या हाकेचा त्रास सगळ्यांत जास्त त्यांनाच होतो. पण स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की "हे आपल्याकडचं नव्हे" असं म्हणून बाजूला पडतो. मला वाटतं, सीमाभागातल्या माणसाइतकं हे दुसऱ्या कुणाला पटकन समजणार नाही. त्यासाठी सुरुवात सर्वनामापासून न करता नावापासून करावी लागते.

स्पेलिंग वेगळं, चूक नव्हे

मुंबई-पुण्याकडे 'सविता' इंग्रजीत नुसत्या 'टी'ने लिहितात. कर्नाटकात 'टी'च्या पुढे 'एच' येतो, कारण दक्षिणेत नुसता 'टी' हा 'ट'साठी राखलेला असतो आणि 'त'साठी 'टीएच' वापरतात. म्हणून इथल्या सविता, स्मिता, लता, स्वाती, भरत यांच्या कागदांवर 'टीएच' दिसतं. कोल्हापूरहून नव्याने आलेले प्राध्यापक ते 'सविथा', 'भरथ' असं वाचतात आणि वर्ग हसतो. कानडीत नावाचा शेवटचा 'अ' पूर्ण उच्चारतात, म्हणून आपला महादेव 'महादेवा' होतो. आपल्या जाधवातला 'ज' आणि चव्हाणातला 'च' दातांजवळ उच्चारायचे. कानडीत तो वेगळेपणा नाही, त्यामुळे कानडीभाषक शिक्षकाच्या तोंडी जाधवातला 'ज' जीवनातल्या 'ज'सारखा येतो.

आपणही कमी मोडतोड करत नाही. कानडीत ऱ्हस्व 'ए' आणि दीर्घ 'ए', ऱ्हस्व 'ओ' आणि दीर्घ 'ओ' असे वेगवेगळे स्वर आहेत. मराठी लिहिताना ते वेगळे दाखवायची आपल्याला सवय नाही. म्हणून होन्नप्पा, केंपण्णा ही नावं आपण नको तिथे ताणतो. बसवराजचा 'बसू' करताना त्याला विचारत नाही. खानापूरकडचे फर्नांडिस आणि डिसोजा, वर्गातले नदाफ आणि मुल्ला, सगळ्यांचीच नावं कुणाच्या ना कुणाच्या तोंडात वाकडी होतात.

आडनावावरून भाषा ओळखायला जाणं ही इथली आणखी एक मोठी खोड. पाटील, देसाई, कुलकर्णी, नाईक ही आडनावं दोन्ही भाषांच्या घरांत आहेत. एका पाटील आडनावाच्या मुलीशी मी कॉरिडॉरमध्ये कायम मराठीत बोलायचो. दोन वर्षांनी कळलं की तिच्या घरी कानडी बोलतात, मराठी ती माझ्यासाठी जुळवून बोलत होती. मी तिला कधी विचारलंच नव्हतं. आडनाव मोठ्याने वाचलं की गाव, जात, भाषा यांचा अंदाज साऱ्या वर्गाला येतो, आणि तो अंदाज पुढे तीन वर्षं त्या मुलाच्या मागे लागतो. म्हणून हजेरीत आडनावाऐवजी पहिलं नाव घ्यावं असं माझं ठाम मत आहे. 'पाटील वन, पाटील टू' ही पद्धत तर बंदच व्हावी.

नाव बदलतं, आणि आपण शिकतो

"वर्षानुवर्षं एका नावाने ओळखलेल्या मुलाला एकदम दुसऱ्या नावाने कसं हाक मारायचं?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मी उलट विचारतो, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने सुनेचं नवं नाव लिहितात तेव्हा काय होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी सासू, दीर, जावा, शेजारपाजार, दळपाची गिरणी, सगळे त्याच नावाने हाक मारतात. वीस-बावीस वर्षं एका नावाने वाढलेल्या मुलीचं नाव आपण एका दिवसात बदलतो आणि सगळं गाव ते पाठ करतं. मग वर्गातला एक विद्यार्थी स्वतः निवडलेलं नाव सांगतो, तेव्हा ते जिभेवर बसायला अवघड का जावं?

याच प्रथेमुळे आमच्या वर्गात एक साधा प्रश्न दरवर्षी येतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची सुट्टी संपवून एखादी मुलगी मंगळसूत्र घालून परत येते. तिला माहेरच्या नावाने हाक मारायची की सासरच्या? कागदावर जुनं नाव, घरी नवं. काहींना वर्गात जुनंच हवं असतं, तेवढी एक जागा त्यांना आपली वाटते. काही हौसेने नवं सांगतात. विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायला अर्धा मिनिट लागतं.

नावाचा अपमान आयुष्यभर सोबत राहतो, हेही मराठी समाजाला माहीत आहे. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून जिचं नाव 'नकोशी' ठेवलं, तिला दर हजेरीला स्वतःच्या तोंडाने 'हजर' म्हणावं लागायचं. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून जास्त मुलींना समारंभ करून नवी नावं देण्यात आली. त्या दिवशी "पण कागदावर तर नकोशी आहे ना" असं म्हणून कुणी अडून बसलं नाही.

आणि आपल्या गावाचं काय? १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर 'बेळगावी' हे नाव आलं. आजही इथला मराठी माणूस 'बेळगाव' म्हणतो आणि समोरच्याने तसं म्हटलं की त्याला बरं वाटतं. कानडी माणसाला 'बेळगावी' हेच आपलं वाटतं. नाव कुणी ठेवायचं, कुणाच्या तोंडून ते कसं यायचं, यावर इथे मोर्चे निघालेले आहेत. इतकं सोसलेल्या भागात वर्गातल्या एका पोराच्या नावाची किंमत कळायला कुणाला वेळ लागू नये.

मराठीत सर्वनामापेक्षा क्रियापद जास्त बोलतं

आता सर्वनाम. या विषयावरचे सल्ले बहुतेक इंग्रजीतून येतात आणि इंग्रजीच्या गरजेपुरते असतात. इंग्रजीत लिंग कळतं ते मुख्यतः तृतीय पुरुषात, 'ही' आणि 'शी' या दोन शब्दांत. ज्यांना यातलं कुठलंच नको ते 'दे' वापरतात. एका व्यक्तीसाठी 'दे' म्हणण्याची चाल इंग्रजीत जुनीच, पण या नव्या अर्थाने ती इतकी रुळली की मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशाने २०१९ साली 'दे' हा वर्षाचा शब्द ठरवला. स्वीडिश भाषेत 'हेन' हे नवं सर्वनाम २०१५ साली तिथल्या अधिकृत शब्दसूचीत गेलं. इंग्रजीत एखाद्याशी समोरासमोर बोलताना मात्र ही अडचण येतच नाही, 'यू' सगळ्यांना सारखंच.

मराठीत तसं नाही. समोरच्याला 'तू आलास का?' विचारायचं की 'आलीस का?' हे तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं. 'काय करायलास?' आणि 'काय करायलीस?' यात तर एकही सर्वनाम नाही, तरी सगळं उघड होतं. 'अरे' आणि 'अगं', 'काय रे' आणि 'काय गं', 'चांगला' आणि 'चांगली', सगळीकडे लिंग आहे. इतकंच नव्हे, स्वतःबद्दल बोलतानाही सुटका नाही, 'मी आलो' की 'मी आले'. पारलिंगी विद्यार्थ्याला मराठी वर्गात उभं राहून "सर, मी काल आजारी होतो" एवढं वाक्य म्हणायचं झालं तरी त्यात आपलं गुपित सांगायचं की खोटं बोलायचं यातलं एक निवडावं लागतं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, कागदावर ती मुलगा होती. ती मराठीत जवळजवळ बोलतच नसे, काही सांगायचं झालं तर कानडीत सांगायची. मला आधी वाटलं, तिची मराठी कच्ची आहे. तिच्या उत्तरपत्रिका मात्र वर्गात सगळ्यांत चांगल्या असत.

कारण कानडीत 'नानु बंदे' म्हणजे 'मी आलो' आणि 'मी आले' दोन्ही. प्रथम पुरुषातल्या कानडी क्रियापदाला लिंग नाही. द्वितीय पुरुषातही नाही. तृतीय पुरुषात 'अवनु बंदनु', 'अवळु बंदळु' असं वेगळं होतं, पण आदराने 'अवरु बंदरु' म्हटलं की पुन्हा स्त्री-पुरुष एकच. अर्थात 'बारो' आणि 'बारे' हाकांमध्ये कानडीलाही लिंग आहेच. तरी स्वतःबद्दल बोलताना कानडी जी मोकळीक देते, ती त्या मुलीला हवी होती.

इथे शिक्षकाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात कितीतरी मुली आणि बायका सहज 'मी येतो', 'मी जातो की' म्हणतात. ती इथली बोली आहे. त्यावरून कुणी स्वतःला मुलगा समजते असा अर्थ काढायचा नाही, आणि 'मुलीसारखं बोल' म्हणून हटकायचंही नाही. बाहेरून आलेले शिक्षक हटकतात, मी ऐकलंय. म्हणजे क्रियापद ऐकून ओळखू म्हणावं तर तेही फसतं. शेवटी विचारावंच लागतं.

आता मराठीच्या पोतडीत काय आहे ते बघू. मला स्वतःला हे शोधताना फार आनंद झाला, व्याकरणाचा माणूस असल्यामुळे असेल. लिंग उघड न करता बोलायच्या कितीतरी जागा आपल्या भाषेत आधीपासून आहेत.

'तुम्ही आलात', 'तुम्ही येता', 'तुम्ही बसा' यात लिंग नाही. विद्यार्थ्यांना 'तुम्ही' म्हणणारे जुने प्राध्यापक बेळगावात होते, अजूनही काही आहेत. भविष्यकाळात 'मी येईन', 'शुभ उद्या येईल' यात लिंग नाही (शुभ हे उदाहरणापुरतं घेतलेलं नाव). 'ने' लागला की भूतकाळातलं सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जातं, 'शुभने निबंध लिहिला, शुभने कविता वाचली'. इथे 'लिहिला' निबंधामुळे आणि 'वाचली' कवितेमुळे, शुभ कोण आहे ते कळतच नाही. 'मी उत्तर लिहिलं' हेही तसंच. 'मला बरं नव्हतं' म्हटलं की 'मी आजारी होतो की होते' हा पेच संपतो. 'शुभला जमलं', 'शुभला आवडतं', 'शुभकडे पुस्तक आहे', सगळी वाक्यं मोकळी. हुशार, कष्टाळू, प्रामाणिक ही विशेषणं बदलत नाहीत, चांगला-चांगली बदलतं. शेरा लिहिताना 'चांगला विद्यार्थी' ऐवजी 'कष्टाळू, नियमित' लिहिलं तर काही बिघडत नाही.

आणि सगळ्यांत कामाचं म्हणजे आदरार्थी बहुवचन. 'ते आले', 'त्या आल्या' यात फरक आहे, पण 'त्यांनी', 'त्यांना', 'त्यांचं' यात नाही. आपली वर्तमानपत्रं रोज हेच करतात. मंजम्मा जोगती यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, या वाक्यातलं 'यांना' बघा. जोगती नृत्याच्या या पारलिंगी लोककलावंत कर्नाटक जानपद (लोककला) अकादमीच्या अध्यक्षही होत्या. 'होत्या' मी मुद्दाम लिहिलं, कारण तीच त्यांची ओळख आहे. मुलगा-मुलगी या दोन्ही खान्यांत स्वतःला न बसवणारे, म्हणजे ज्यांना इंग्रजीत नॉन-बायनरी म्हणतात, असे विद्यार्थी कधी 'ते आले, त्यांनी सांगितलं' असं आदरार्थी बहुवचन पसंत करतात. कुणाला फक्त नाव घेतलेलं चालतं. कुणाला 'तो' आणि 'ती' दोन्ही चालतात.

मात्र एक 'ते' जपून. 'ते आले' आणि 'ते आलं' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घरात आपण प्रेमाने 'ते पोरगं आलं', 'लेकरू जेवलं' म्हणतो, तिथे नपुंसकलिंगात माया आहे. पण वीस वर्षांच्या माणसाबद्दल, तो माणूस बाई की बुवा हे न ठरल्याच्या थाटात 'ते बघ ते आलं' म्हणणं हा अपमान आहे. पारलिंगी मुलांनी बसस्टँडवर, बाजारात हे 'ते' इतक्यांदा ऐकलेलं असतं की वर्गात ते शिक्षकाच्या तोंडून आलं तर त्यांना दुसरीकडे जायला जागा उरत नाही. हे रूप त्या व्यक्तीने स्वतः मागितलं तरच वापरायचं.

वरच्या मोकळ्या वाक्यांबद्दलही एक सांगायला हवं. ही सोय आहे ती माहिती नसतानाची, किंवा विद्यार्थ्याला उघड व्हायचं नसतानाची. एखाद्या मुलीने स्पष्ट सांगितलं, "सर, मला 'ती' म्हणा," तर मग 'ती आली' असंच म्हणायचं. वाक्य वळवून वळवून 'ती' टाळत राहिलं तर तिला ते लगेच कळतं.

सौंदत्तीच्या डोंगराखाली

"हे पाश्चात्त्य फॅड आहे" असं म्हणणाऱ्या सहकाऱ्याला मी सौंदत्तीची आठवण करून देतो. बेळगाव जिल्ह्यातच यल्लम्माचा डोंगर आहे. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला तिथे मराठी-कानडी मुलखातून गाड्या भरून माणसं जातात. देवीला वाहिलेले, लुगडं नेसणारे, डोक्यावर जग (देवीची मूर्ती ठेवलेली परडी) घेऊन चौंडकं वाजवणारे जोगप्पा इथल्या सगळ्यांनी लहानपणापासून बघितले आहेत. आमच्या गल्लीत ते यायचे तेव्हा आजी सूप भरून जोंधळे घालायची, पाया पडायची. जन्माने पुरुष मानलेल्या, बाईच्या वेशात वावरणाऱ्या त्या माणसाची ओळख आजीने कधी तपासली नाही. मी या परंपरेची भलामण करत नाही. देवाला सोडण्याच्या चालीत गरिबी आहे, सक्ती आहे, शोषण आहे. कर्नाटकात १९८२ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा करावा लागला. मुद्दा इतकाच, की तो आणि ती यांच्या पलीकडचं माणूस इथल्या मातीला नवं नाही. यात्रेत त्याच्या पाया पडणारा समाज कॉलेजच्या बाकावर मात्र त्याला बसू देत नाही, हे मला सलतं. आणि वारकरी तर ज्ञानेश्वरांना माउली म्हणतात, विठ्ठलाला विठाई म्हणतात. त्यात कुणाला व्याकरण बिघडल्यासारखं वाटत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात पारलिंगी व्यक्तींचे हक्क मान्य केले. २०१९ च्या कायद्यात शिक्षणसंस्थेत भेदभाव करायला मनाई आहे, आणि सरकारमान्य संस्थेने सर्वांना सामावून घेणारं शिक्षण द्यावं असं म्हटलं आहे. ओळखीचं प्रमाणपत्र, मार्क्स कार्डावरचं नाव बदलणं, यासाठी डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसपासून बोर्डापर्यंत कागदपत्रांची वेगळी वाट आहे. तिचे नियम बदलत असतात, अर्ज करण्याआधी ताजे नियम बघून घ्यावेत. पण वर्गात हाक मारायला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही. बंड्या, पिंटू, बाळू म्हणताना आपण आधार कार्ड मागत नाही.

याने खरंच फरक पडतो का? २०१८ साली अमेरिकेत १२९ पारलिंगी आणि लिंगओळखीच्या चौकटीबाहेरच्या तरुणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घर, शाळा-कॉलेज, काम आणि मित्रमंडळी या चार जागांपैकी किती ठिकाणी त्यांना स्वतः निवडलेलं नाव वापरता येतं, हे त्यात पाहिलं होतं. अशी एक जागा वाढली की आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी आणि आत्मघाती वर्तन ५६ टक्क्यांनी कमी आढळलं. एवढ्याशा अभ्यासावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी चार जागांपैकी एक जागा शिक्षकाच्या हातात आहे, हे मला वाचल्यापासून विसरता आलेलं नाही.

मी काय करतो

पहिल्या तासाला सगळ्यांना चिठ्ठ्या वाटतो. सगळ्यांना, कुणा एकाला नाही. तोंडी, वर्गासमोर 'तुझं सर्वनाम काय' विचारणं मला पटत नाही. ज्याला अजून स्वतःलाच नक्की नाही, किंवा ज्याला सांगायचं नाही, त्याला आपण चाळीस जणांपुढे कोंडीत पकडतो. चिठ्ठीवर लिहायचं, वर्गात कोणत्या नावाने हाक मारू, ते तुमच्या घरच्या लिपीत लिहा, मग ती मराठी असो, कानडी असो वा उर्दू. तुमच्याबद्दल बोलताना 'आला' म्हणू, 'आली' म्हणू की 'ते आले' म्हणू. नको असेल तर रिकामं सोडा. आणि शेवटची ओळ, ही सगळ्यांत महत्त्वाची, हे नाव कुठे कुठे वापरू आणि कुठे वापरायचं नाही.

कानडी लिपी मला नीट वाचता येते, उर्दू येत नाही, ती सहकाऱ्याकडून वाचून घ्यायचो. मग लक्षात आलं की त्या चिठ्ठीतलं नाव खासगी असू शकतं. आता त्या मुलांकडूनच तासानंतर उच्चार ऐकून घेतो आणि हजेरीपटाशेजारी माझ्या वहीत देवनागरीत लिहून ठेवतो.

चूक होते. 'आला, सॉरी, आली' एवढं म्हणून पुढचं वाक्य बोलायचं. तीन मिनिटं माफी मागत बसलं की सगळा वर्ग त्या एकीकडे वळून बघतो आणि "असू दे सर, असू दे" म्हणत तिलाच आपली समजूत घालावी लागते. वर्गातल्या दुसऱ्या कुणी मुद्दाम जुनं नाव घेतलं तर मी तिथल्या तिथे, आवाज न चढवता, बरोबर नाव उच्चारतो आणि तास पुढे नेतो. मुद्दाम परत झालं तर त्याला तासानंतर थांबवतो. माझा अनुभव असा, की मुलं आपल्यापेक्षा लवकर शिकतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती आधीच योग्य नाव वापरत असतात.

घरचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. बेळगाव, चिकोडी, अथणी ही काही मोठी शहरं नव्हेत. मुलाचे वडील शनिवारच्या बाजारात भेटतात, मामा बँकेत असतो, काकाचा मुलगा त्याच कॉलेजात असतो. कॉलेजात घेतलेलं नाव संध्याकाळपर्यंत घरी पोचू शकतं, आणि काही घरांत त्याचा परिणाम मारहाण, शिक्षण बंद, घाईघाईने ठरवलेलं लग्न असा होतो. म्हणून चिठ्ठीतली शेवटची ओळ.

एका विद्यार्थिनीने त्या ओळीत लिहिलं होतं, "वर्गात 'ती' म्हणा. घरी फोन केला तर नाव घेऊ नका." सहामाहीला तिची हजेरी कमी पडली आणि नियमाप्रमाणे घरी फोन करणं भाग होतं. फोन लावण्याआधी मी वहीवर वाक्य लिहून काढलं, शिकाऊ मास्तरसारखं, आणि दोनदा वाचलं. वडिलांनी फोन उचलला. मी म्हणालो, "नमस्कार, कॉलेजातून बोलतोय. हजेरी थोडी कमी पडलीय, अभ्यास उत्तम आहे. परीक्षेआधी एकदा मला भेटायला पाठवा."

"पाठवतो की सर," ते म्हणाले. "उद्याच पाठवतो."